बिब्ब्याच्या नात्यातले एक जपानी गाव

नागोयाहून नागानोकडे जाणारी ‘शिनानो’ ही जलद गाडी तासाभरात डोंगरांत शिरते. डाव्या-उजव्या अंगाला किसो नदी दिसत राहते, गाव लहान होत जाते आणि झाडी उंच. किसो-फुकुशिमा स्टेशनवर उतरून मग पॅसेंजर पकडायची. तोरी घाटाचा लांब बोगदा संपला की नाराई येते. जुन्या काळी एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, क्योतोला जाणाऱ्या डोंगरी राजमार्गावर ६९ मुक्काम होते. नाराई हा त्यांतला ३४वा. परदेशी पाहुणे बहुतेक इथेच उतरतात, लाकडी घरांचे फोटो काढतात आणि परत फिरतात. आम्ही पुढच्या स्टेशनावर उतरलो. त्याचे नाव किसो-हिरासावा.

माझा धाकटा भाऊ नागोयाजवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले होते आणि शाळा उघडायला आठवडाभर होता. “आपा, जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी तिथे भांड्यांची जत्रा असते, तुला आवडेल,” असे तो म्हणाला. भावजयीने पराठे आणि बटाट्याची भाजी बांधून दिली. हे मुद्दाम सांगते, कारण डोंगरातल्या छोट्या गावात आपल्याला चालेल असे जेवण शोधत बसलो की अर्धा दिवस त्यातच जातो.

हिरासावाचा मुख्य रस्ता सरळ नाही, थोडा वळत जातो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरे खेटून उभी आहेत. पुढे दुकान, मागे राहते घर, त्याच्याही मागे जाड मातीच्या भिंतींची एक कोठी. ही कोठी धान्याची नाही, रंगकामाची. मातीच्या भिंतीमुळे आत ऊन-थंडीचा फारसा फरक पडत नाही आणि धूळ कमी येते. जपान सरकारने २००६ साली हे गाव जतनाच्या यादीत घातले, तेही ‘उरुशीकाम करणाऱ्यांचे गाव’ या नावाने. उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. वाडगे, डबे, तबके, मेजे, काड्या यांवर जो काळा किंवा लाल, खोल पाण्यासारखा चमकणारा लेप आपण चित्रांत पाहतो, तो या चिकाचा.

हे काम याच दरीत का रुजले, याचे कारण आजूबाजूच्या डोंगरांवर दिसते. किसोच्या जंगलात हिनोकी नावाचा देवदारासारखा सुगंधी वृक्ष आहे. एदो काळात हे जंगल नागोयाच्या ओवारी सरदारांच्या ताब्यात होते आणि हिनोकीसकट पाच जातींची झाडे तोडायला रयतेला मनाई होती. ‘एका झाडाला एक मुंडके’ असा त्या कायद्याचा लौकिक. शेतीला जमीन नाही, थंडी कडाक्याची, राजमार्गावरून वाटसरूंची ये-जा. मिळेल त्या लाकडाचे डबे-फण्या करून, त्यांवर लेप चढवून विकणे हाच रोजगार. पुढे मेइजी काळात जवळच लोहयुक्त माती सापडली. ती कच्च्या चिकात कालवली की लेपाखालचा थर दगडासारखा पक्का होतो. आपले रंगारी भिंतीला रंगाआधी लांबी भरतात ना, तसाच हा थर, पण कितीतरी चिवट. त्या मातीवर हिरासावाचे नाव झाले. १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकच्या पदकांवरही किसोचे उरुशीकाम होते.

जत्रेत एका म्हाताऱ्या कारागिरांनी आम्हाला कोठी दाखवली. आत आंबूस वास भरला होता. त्यांनी बाही वर करून मनगटाजवळचे जुने डाग दाखवले आणि काहीतरी म्हणाले. भावाला भाषांतर करावे लागले नाही. मी म्हटले, “उतलंय हे!”

कोकणात वाढलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. काजूची हिरवी बी फोडताना चीक उडाला की कातडी उतते. बिब्बा उततो. कैरीचा चीक ओठाला लागला की फोड येतात. आमच्या आजीच्या पोटरीवर बिब्ब्याचा काळा डाग शेवटपर्यंत होता. धोबी कपड्यांवर खूण करायला वापरत तोच हा बिब्बा, आणि त्याच्याच गराची गोडंबी आपण लाडवात घालतो. उरुशीचे झाड याच कुळातले: आंबा, काजू, बिब्बा, पिस्ता आणि उरुशी हे सारे नातलग. उरुशीतल्या दाहक द्रव्याला उरुशिओल म्हणतात आणि बिब्ब्यातले, काजूच्या टरफलातले द्रव्य त्याचेच भाऊबंद. म्हणून ज्याला बिब्बा किंवा काजूचा चीक उतलेला आहे, त्याने ओल्या उरुशीपासून इतरांपेक्षा जास्त जपावे. अंगावर पुरळ लगेच उठतेच असे नाही. एक-दोन दिवसांनी उठते, आणि तोवर आपण हात डोळ्यांना लावून बसलेलो असतो. पूर्ण वाळलेला लेप मात्र निर्धोक असतो. त्यात गरम सूप वाढतात, लहान मुले त्यातून खातात.

या चिकाची किंमत कशी ठरते, ते झाडापासून पाहिले तर कळते. उरुशीचे झाड चीक काढण्याजोगे व्हायला दहा ते पंधरा वर्षे लागतात. मग उन्हाळ्यापासून शरदापर्यंत कारागीर त्याच्या सालीवर दर काही दिवसांनी एक आडवी चीर पाडतो आणि पाझरलेले थेंब खरवडून घेतो. पूर्ण हंगामात एका झाडातून साधारण २०० ग्रॅम चीक निघतो, म्हणजे आपला चहाचा एक मोठा पेला. त्यानंतर झाड तोडतात आणि बुंध्याला नवे फुटवे येऊ देतात. जपानात वापरली जाणारी ९० टक्क्यांहून अधिक उरुशी आता चीनमधून येते. देशी उरुशीतला मोठा वाटा उत्तरेकडच्या इवाते प्रांतातल्या जोबोजी या एका भागाचा. २०१५ साली तिथल्या सांस्कृतिक खात्याने राष्ट्रीय वारशाच्या इमारतींच्या डागडुजीला देशी उरुशीच वापरण्याचे धोरण घेतले, तेव्हापासून ती आणखीच दुर्मीळ झाली आहे.

आणि मग वाळवण. मला सगळ्यांत नवल याचे वाटले. आपला कोणताही रंग कोरड्या हवेत वाळतो, कारण त्यातला थिनर किंवा पाणी उडून जाते. उरुशीत उडून जाण्याजोगे मुख्य असे काही नसतेच. चिकातले एक विकर हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने त्याला घट्ट करते, आणि त्या विकराला दमटपणा हवा. हवेतली आर्द्रता ७० ते ८५ टक्के आणि उष्णता २० ते २५ अंश असली की उरुशी ‘वाळते’. कोरड्या उन्हात ठेवली तर आठवडाभर चिकटच राहील. म्हणून कारागीर भांडी ओल्या फडक्याने दमट केलेल्या लाकडी कपाटात ठेवतात. त्या कपाटाला ते ‘फुरो’ म्हणतात, म्हणजे न्हाणीघर.

आमच्याकडचे पॉलिशवाले पावसाळ्यात कामाला हातच लावत नाहीत. “आता पांढरं पडेल, दिवाळीनंतर बघू,” म्हणतात. ते त्यांच्या पॉलिशसाठी खरे आहे. पण त्या कपाटात कारागीर जी हवा मुद्दाम तयार करतात, ती आमच्या कोकणात जून ते सप्टेंबर घरभर फुकट असते.

लेप एक नसतो. आधी कच्ची उरुशी लाकडात मुरवायची, सांध्यांवर कापड चिकटवायचे, मातीचे थर द्यायचे, घासायचे, मग मधला लेप, पुन्हा पाण्याखाली कोळशाने घासणे, मग वरचा. प्रत्येक थरानंतर कपाटात मुक्काम. लेपाचा ब्रश माणसाच्या लांब केसांचा असतो. पेन्सिलीत शिसे असते तसे केस पूर्ण लांबीभर लाकडात बसवलेले, झिजले की लाकूड तासून नवे टोक काढायचे. काळा रंग लोहाच्या संयोगातून येतो. लालसाठी हिंगूळ, नाहीतर ‘बेंगारा’ नावाचा गेरू. हा शब्द आपल्या बंगालवरून गेला असे म्हणतात. माझ्यातल्या भाषेच्या शिक्षिकेला एवढे पुरे होते. पण खरी गंमत पुढे होती.

जत्रेत शेजारी-शेजारी दोन वाडगे ठेवले होते. एक आठ हजार येनचा आणि एक त्याच्या चौथाईला. मला डोळ्यांनी फरक कळेना. (येन म्हणजे आपल्या अर्ध्या रुपयाच्या वर-खाली समजा.) भावाने दोन्ही उलटे करून चिठ्ठी वाचली. जपानात १९६२च्या घरगुती वस्तूंच्या कायद्याने अशा भांड्यांवर लेप कशाचा आणि आतले द्रव्य कोणते, ते लिहावे लागते. पहिल्यावर लिहिले होते: लाकूड, उरुशी. दुसऱ्यावर भाऊ अडखळला आणि हसायला लागला. “आपा, इथे ‘काशू’ लिहिलंय. काशू म्हणजे काजू!”

काजूच होता तो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी रसायनतज्ज्ञांनी काजूच्या टरफलाच्या तेलावर प्रक्रिया करून उरुशीसारखा दिसणारा लेप बनवला. कूळ एकच असल्यामुळे द्रव्यही जवळचे, आणि दिसणेही. तिकडे तो इतका रूढ झाला की त्या कायद्याने उरुशीच्या भांड्यांबरोबर काजूच्या लेपाचेही नाव घेतले आहे. हे टरफलाचे तेल भारतातूनही परदेशी जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात काजू कारखान्यांच्या दारात टरफलांचे ढीग आपण सर्वांनी पाहिले आहेत. बिया फोडणाऱ्या बाया हाताला राख किंवा तेल लावून बसतात, तरी बोटे काळी पडतातच. जुनी माणसे वासे आणि होड्या वाळवीपासून राखायला हेच तेल लावत. त्याच तेलाचा धाकटा भाऊ इथे जपानी डोंगरात काळ्या वाडग्यावर चमकत होता.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. इंग्रजीतला ‘लॅकर’ हा शब्द आपल्या ‘लाख’ वरून गेला आहे, पण लाख वेगळी आणि उरुशी वेगळी. लाख हा किड्याचा स्राव. सावंतवाडीची खेळणी आणि पाट रंगतात तो लाखेचा हुनर. लाख उष्णतेने मऊ होते, स्पिरिटमध्ये विरघळते, गरम भांडे ठेवले तर पांढरी खूण पडते. वाळलेली उरुशी यांतल्या कशालाच दाद देत नाही; तिचा शत्रू एकच, कडक ऊन.

आता ज्यांना हे काम हाताने करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी. आमच्या शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला मुले नेहमी विचारतात, “मॅडम, घरी करता येईल का?” तेच उत्तर इथे देते.

पर्यटकांना जपानात बहुतेक ठिकाणी काड्या घासायला देतात. काडीवर वेगवेगळ्या रंगांचे थर आधीच चढवून पक्के झालेले असतात. आपण पाण्यात बुडवून पॉलिश पेपरने घासायचे, की आतले रंग नक्षीसारखे उघडे पडतात. ओला चीक अंगाला लागत नाही. लहान मुलांना फक्त हेच द्यावे, यापुढचे काही नाही.

खऱ्या उरुशीची सोपी सुरुवात म्हणजे ‘पुसून लावणे’. ब्रश लागत नाही, मातीचे थर लागत नाहीत. बारीक रेषांच्या नव्या लाकडाची छोटी वस्तू घ्यावी, चमचा किंवा डबी. २४० आणि मग ४०० नंबरच्या पेपरने घासून धूळ पुसावी. कच्ची उरुशी पहिल्या हाताला थोड्या टर्पेंटाइनने पातळ करून सुती चिंधीने लाकडात जिरवावी, काही मिनिटांनी कोरड्या फडक्याने जेवढी निघेल तेवढी सगळी पुसून काढावी. मग झाकणाच्या खोक्यात ओल्या फडक्यासोबत दिवसभर ठेवावी. फडके वस्तूला टेकू देऊ नये. आर्द्रता मोजायचे छोटे यंत्र काहीशे रुपयांत मिळते, ते खोक्यात टाकावे, अंदाजावर राहू नये. दुसऱ्या दिवशी हलका पेपर, पुन्हा तेच. पाच-सहा वेळा केल्यावर लाकूड गडद मधासारखे होते. खाण्यासाठी वापरायचे असेल तर त्यानंतर निदान महिनाभर थांबावे. हातात नायट्राइलचे मोजे, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, आणि चिंध्या घरातल्या कचऱ्यात उघड्या टाकायच्या नाहीत. चीक लागलाच तर पाण्याने धुवायच्या आधी खाण्याचे तेल लावून पुसावा, मग साबण. पुरळ पसरली किंवा डोळ्यांजवळ आली तर घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

काजूचा लेप यापेक्षा खूप स्वस्त आणि सोपा. साध्या हवेत वाळतो, कपाट नको, उतण्याची भीती बरीच कमी (शून्य नाही). दोन गोष्टी पाळाव्या. थर पातळ द्यावा, कारण जाड दिला की वरची साय आधी वाळते आणि सुरकुत्या पडतात. आणि दुकानातून आणलेल्या डब्यावर खाण्याच्या भांड्यांना चालेल असे स्पष्ट लिहिले नसेल, तर फक्त पेटी, फोटोची चौकट असल्या वस्तूंना लावावा. थिनरचा वास तीव्र असतो. खिडक्या उघड्या हव्यात.

मी स्वतः डबा विकत घेणार होते, पण भावाने आठवण करून दिली की रंग आणि थिनर ज्वालाग्राही म्हणून विमानात नेता येत नाहीत. मग म्हणून कुणी कोकणात बसून कारखान्याच्या दारातले कच्चे टरफल-तेल आणून पाटाला फासू नये! जपानी लेप त्या तेलावर बरीच प्रक्रिया झाल्यानंतरचा आहे. कच्चे तेल उतते, आणि घरात रांगते मूल असेल तर विचारायलाच नको.

आपल्याकडे सहज मिळते ती चपडी लाख. स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवायची आणि सुती बोळ्याने गोल-गोल फिरवत पातळ हात द्यायचे. फ्रेंच पॉलिश म्हणतात ते हेच. दिसायला उरुशीची खोली नाही, पण एक गुण असा आहे जो उरुशीत नाही. ती पुन्हा स्पिरिटने काढता येते.

हा गुण माझ्या दृष्टीने मोठा ठरला. आमच्या घरी अब्बांचा सागवानी कलमदान आहे. अब्बांचा उर्दूचा सराव, माझी पहिली अलिफ-बे, सगळे त्यातल्या बोरूंनी झाले. त्याचे पॉलिश आता गेले आहे, झाकणावर शाईचे डाग आहेत. हिरासावाला जाताना माझ्या मनात तोच होता. कोठीत मी फोनवरचा त्याचा फोटो दाखवला. कारागीर बराच वेळ पाहत होते. मग भावाने सांगितले ते असे: उरुशी एकदा चढली की उतरत नाही, ती चढवायला हे डाग घासून काढावे लागतील, आणि घासले की तुमच्या वडिलांचा हात त्यातून जाईल. शिकायला नवे लाकूड घ्या. जुन्यावर असे काही लावा जे उद्या तुमच्या मुलाला नको वाटले तर पुसता येईल.

म्हणजे कलमदानाला चपडी. आणि तीही पावसाळा संपल्यावर.

वाडगा मात्र मी आठ हजारांचाच घेतला, जत्रेतल्या सवलतीने थोडा कमी पडला. लाल, आतून काळा. आमच्याकडे त्यात पेज, खिचडा, सगळे वाढले जाते. घासणी लावायची नाही, मऊ फडक्याने कोमट पाण्यात धुवून लगेच पुसायचा. मायक्रोवेव्हमध्ये नाही, खिडकीच्या उन्हात नाही. वापरला नाही तर उलट कोरडा पडतो म्हणे, म्हणून शोकेसमध्ये ठेवला नाही. डब्यातल्या कागदावर कारागिरांनी दुकानाचा पत्ता लिहून दिला आहे. काठ झिजला की पाठवायचा, तिथे जुन्या भांड्यांना नवा हात देतात.